ओवाळणीतली सही

बँकेच्या नाट्यस्पर्धेत मला कायम सासूचं काम मिळायचं. आवाज खणखणीत, उंची भरपूर, आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिले की पहिल्या रांगेतले साहेब लोकसुद्धा सावरून बसायचे. एका वर्षी मी सुनेला इतकं छळलं की परीक्षकांच्या पत्नी मध्यंतरात माझ्याशी बोलेनात. ते माझं सर्वांत मोठं बक्षीस. त्या स्पर्धेनंतर आमच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं की मॅडम, आता शैक्षणिक कर्जाचं टेबल तुम्ही घ्या, तिथे लोकांना नाही म्हणू शकेल असं माणूस हवंय.

ते टेबल मी आधी लातूरला सांभाळलं, मग नांदेडला. गेल्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी आले. संपादकांनी फोन करून त्या टेबलावरच्या गमतीजमती मागितल्या, आणि मी खुशीत हो म्हटलं. गमती माझ्याकडे पोतंभर आहेत. लिहायला बसले तर मात्र एकच गोष्ट पुढे येऊन बसली आहे, आणि ती हलायला तयार नाही.

आधी धंदा समजावून सांगते. घरासाठी कर्ज दिलं तर घर दिसतं. ट्रॅक्टरसाठी दिलं तर वेळ आल्यावर ट्रॅक्टर ओढून आणता येतो. शिक्षणाचं कर्ज मुलाच्या डोक्यात जातं, आणि डोकं काही बँकेच्या आवारात आणून उभं करता येत नाही. म्हणून बँक माणसं बांधून ठेवते. रक्कम लहान असली तर आईबापाच्या सहीवर भागतं. एका मर्यादेच्या वर गेली की तिसऱ्या माणसाचा जामीन लागतो, म्हणजे मुलानं भरलं नाही तर मी भरीन असं लिहून देणारा पगारदार. शिकत असताना हप्ता नसतो, शिकून झाल्यावरही वर्षभर सवलत असते. या काळात पालक निश्चिंत झोपतात. व्याज मात्र चालूच असतं, आणि वर्ष संपलं की मुद्दलाच्या मांडीवर येऊन बसतं.

आता हे सगळं समोरच्याला सांगितलं तरी तो ऐकत नाही, नुसती मान हलवतो. त्यावर मी माझा इलाज काढला होता. मी नाटक करवून घ्यायचे. विद्यार्थ्याला म्हणायचे, ऊठ, त्या काचेच्या दारातून बाहेर जा, आणि शिकून नोकरीला लागल्यावर पहिला हप्ता भरायला येशील तसा आत ये. काय घातलंयस, कुठून आलास, पगार किती, खोलीचं भाडं किती, सगळं त्या भूमिकेत राहून सांग. शाखेत हसू व्हायचं, कॅशियर काउंटरवरून मान वर काढून बघायचा. पण एक सांगते, कागदावर जो खोटं बोलतो त्याला दारातून चालत येताना खोटं बोलता येत नाही. मुरुडचा एक मुलगा डॉक्टर होऊन आत आला तो थेट माझ्या खुर्चीपाशी येऊन मला जीभ दाखवा म्हणाला. मी दाखवली. त्याचं कर्ज त्याच आठवड्यात मंजूर झालं, आणि आज तो खरोखरच लोकांच्या जिभा बघतो.

लातूरला तेव्हा क्लासेसचं पीक जोरात होतं. भूकंपात मोडलेला जिल्हा असं ज्याच्याबद्दल लोक हळहळत होते, त्याच लातुरात पुढे साऱ्या महाराष्ट्रातून मुलं डॉक्टर व्हायला येऊ लागली. गल्लोगल्ली वसतिगृहं, मेस, झेरॉक्स, आणि प्रत्येक चौकात फ्लेक्स. फ्लेक्सवर मुलाचा फोटो, नाव, गाव, मार्क. हे फ्लेक्स खरे असायचे, हे लक्षात ठेवा. त्यावरचा मुलगा उदगीरचा असेल तर उदगीरला जाऊन त्याच्या वडिलांच्या दुकानात पेढे खाता यायचे. मार्क हे मार्क असतात, ते कुणाला फुगवता येत नाहीत. त्यामुळे लातूरच्या माणसाला एक सवय लागली. फ्लेक्सवर फोटो आणि आकडा दिसला की तो विश्वास ठेवायचा. ही सवय दुसऱ्या कुठल्या गावाला लागली असेल असं मला वाटत नाही.

सुमनबाई आणि अश्विनी माझ्यासमोर आल्या त्या असाच एक फ्लेक्स पाहून.

सुमनबाई भूकंपातल्या. नवरा, सासू, सासरे एका पहाटे गेले तेव्हा त्या माहेरी होत्या, पोटात अश्विनी होती. पुनर्वसनाच्या गावात त्यांना इतर बायांबरोबर एक शिलाई मशीन मिळालं. मदतीला आलेल्या लोकांनी त्या गावात घरटी मशिनं वाटली होती. साऱ्या गावात शिवणाऱ्या बाया झाल्या आणि शिवून घेणारं कुणी उरलं नाही. बाकीच्यांच्या मशिनांवर पुढे टीव्ही आले. सुमनबाईंनी आपलं मशीन टेम्पोत टाकलं आणि भोकरला शिक्षक असलेल्या मोठ्या भावाच्या मदतीने लातूरला आणलं. क्लासच्या गल्लीत, एका मेसच्या जिन्याखाली त्यांनी ते मांडलं. वसतिगृहातल्या पोरींचे कुर्ते आत घ्यायचे, बाहेर काढायचे, गणवेशाला बाह्या लावायच्या. त्यावर अश्विनी वाढली.

अश्विनीला पुण्यातल्या एका खासगी संस्थेत फॅशन आणि वस्त्रशास्त्राची चार वर्षांची पदवी घ्यायची होती. त्या संस्थेने लातूरच्या चौकात फ्लेक्स लावला होता. वर एका हसऱ्या मुलीचा फोटो, खाली मोठ्या अक्षरात ‘पॅकेज वार्षिक चार लाख’. कर्ज हवं होतं साडेपाच लाख.

मी अश्विनीला दाराबाहेर पाठवलं.

काय आत आली म्हणून सांगू. स्वतः शिवलेला निळा कुर्ता होता, त्याला एका बाजूलाच खिसा. ओढणी उगाच खांद्यावरून झटकली, कॅशियरला मान लववली, माझ्या टेबलाशी येऊन खुर्ची स्वतः ओढली आणि म्हणाली, “मॅडम, हप्ता कुठं भरू? जरा लवकर सांगा, मला विमान गाठायचंय.” सारी शाखा हसली. मीही हसले. इतक्या वर्षांत इतका झकास प्रवेश कुणी केला नव्हता.

मग मी सासू झाले. पगार विचारला. ती म्हणाली, वर्षाला चार लाख. कुणी सांगितलं? फ्लेक्सवर आहे. फ्लेक्सवरच्या मुलीला भेटलीस का? नाही. या क्षेत्रात सुरुवातीला काय मिळतं हे मी पुण्याच्या शाखेतल्या दोघांना विचारून ठेवलं होतं, तो पगार तिला सांगितला. त्यातून खोलीचं भाडं वजा करायला लावलं, मग डबा, मग बस. उरलं ते तिच्याच तोंडून वदवलं. मग हप्ता सांगितला. उरलेल्यापेक्षा हप्ता मोठा होता. अश्विनीने दोन्ही आकडे पुन्हा एकदा विचारले आणि मग एका बाजूच्या खिशात हात घालून खाली बघत बसली. विमान तिथेच उतरलं.

मी सांगितलं की नांदेडला सरकारी पदविका आहे, फी नावापुरती, तिथे जा, काम शीक, मग पुढचं पुढे. आतापर्यंत सुमनबाई काही बोलल्या नव्हत्या. पदविका म्हटल्यावर त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला.

“मॅडम, शिवायला तर मीच शिकवीन की हिला. त्याला कशाला नांदेडला जायचं? हिला शिवायचं न्हाई. दुसऱ्यानं काय शिवावं, ते हिनं सांगायचं हाय.”

मी म्हटलं, बाई, हिशोब बसत नाही.

“मला मशीन दिलं तवा कुणी दारातून आत-बाहेर करायला लावलं न्हाई. हिशोब केला असता तर मला ते मशीन मिळालंच नसतं. माझ्याकडं तवा काय होतं?”

“बाई, ते मशीन फुकट होतं,” मी म्हणाले.

मला त्यांचा राग दिसला आणि त्यामागे हेही दिसलं की मी म्हणाले ते त्यांना कळलेलं आहे. कळून त्या कर्ज घेणार होत्या. ज्या बाईला एका पहाटेत सगळं गेलेलं ठाऊक आहे, तिला तेरा हजारांच्या हप्त्याची भीती घालणं माझ्या आवाक्यातलं काम नव्हतं.

आमच्या साहेबांचं म्हणणं सरळ होतं. संस्था मान्यताप्राप्त आहे, गुण आहेत, जामीनदार आणला तर नियमानं नाही म्हणता येत नाही. शिवाय त्या वर्षी शैक्षणिक कर्जाचं उद्दिष्ट अपुरं होतं. म्हणजे सगळी भिस्त जामीनदारावर आली, आणि जामीनदार एकच होता, भोकरचा भाऊ.

भावाचं नाव दत्तात्रय. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. गुरुजींनी फोनवर आधी विचार करतो म्हणून सांगितलं, मग त्यांच्या पत्नी आजारी पडल्या, मग शाळेची तपासणी निघाली. माझ्या अनुभवात जामीनदाराच्या घरी तपासणी निघाली की समजायचं. तेवढ्यात राखी पौर्णिमा आली. सुमनबाई भोकरला गेल्या, भावाला पाटावर बसवलं, राखी बांधली, निरांजन फिरवलं. गुरुजींनी ताटात नोट ठेवली. सुमनबाईंनी ती उचलून परत त्यांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, “दादा, अवंदा सही घाल.”

पाटावर बसलेला भाऊ यावर काय करणार? त्याच आठवड्यात ते लातूरला आले, पेढ्याचा पुडा घेऊन. जणू भाचीचा साखरपुडा होता. आमच्याकडे जामीन हा व्यवहार समजतच नाहीत, मान समजतात. ज्याची सही मागितली तो जवळचा, आणि ज्यानं दिली नाही तो परका. मी त्यांना कागद पुढे करण्याआधी सांगितलं की गुरुजी, ही साक्षीदाराची सही नाही. कर्ज तुम्हीच घेताय, फक्त कॉलेजला अश्विनी जाणार आहे. गुरुजी हसले. म्हणाले, “मॅडम, राखीची ओवाळणी आहे, मोजून कशी देऊ?” आणि सुंदर वळणदार अक्षरात सह्या केल्या, प्रत्येक पानावर.

फ्लेक्सवरची ती हसरी मुलगी अश्विनीला पहिल्याच दिवशी भेटली. संस्थेत फी घ्यायच्या खिडकीत बसली होती.

हे अश्विनीने मला नंतर सांगितलं, आणि सांगताना तिने त्या मुलीची नक्कल इतकी हुबेहूब केली की मला हसू आवरेना. पण चार वर्षं ती मन लावून शिकली, हेही खरं. कापडाचं वजन, रंगाची छटा, पुतळ्यावर कापड टाचून बेतायचं कसं, सगळं. सुट्टीत लातूरला आली की शाखेत डोकवायची आणि माझ्या साडीचा काठ चिमटीत धरून ती कुठल्या मागावरची, किती सुताची हे सांगायची. मला ती फार आवडायची. कर्जदार आवडू नये हा आमच्या धंद्यातला पहिला नियम, तो मी तिच्या बाबतीत पाळला नाही.

मग माझी बदली नांदेडला झाली. अश्विनी पदवी घेऊन बंगळूरला एका निर्यातीच्या कारखान्यात लागली. हातात चौदा हजार. काम काय, तर परदेशच्या गिऱ्हाइकाला दिवसभर पत्रं लिहायची की बटणाचा रंग अर्धी छटा फिका आलाय, चालेल का. दुसऱ्यानं काय शिवावं हे सांगणारा माणूस त्या देशात बसला होता. ही फक्त निरोप्या. खोली तिघींत, डबा, बस. मी शाखेत तिच्याकडून जी वजाबाकी करवून घेतली होती ती जशीच्या तशी उतरली होती. माझं म्हणणं खरं निघालं याचा मला जितका संताप येतो तितका माझं खोटं पडल्याचा आयुष्यात कधी आलेला नाही.

सवलतीचं वर्ष संपलं, हप्ता सुरू झाला. अश्विनी जमेल तेवढं पाठवायची, सुमनबाई जमेल तेवढं भरायच्या. कधी पाच हजार, कधी सहा. त्यांना वाटायचं, अर्धं भरलं म्हणजे अर्धं तरी फिटलं. किराणा दुकानात तसंच असतं. बँकेच्या संगणकाला हप्ता म्हणजे पूर्ण हप्ता. कमी पडलेलं साठत गेलं आणि खातं थकबाकीत गेलं. जामीनदाराला पत्रं जात होती, पण ती गुरुजींच्या जुन्या शाळेच्या पत्त्यावर. ते तोपर्यंत दुसऱ्या शाळेत गेले होते. सुमनबाईंना पत्रं मिळत होती. भावाला कळायच्या आत आपण भरून काढू, या आशेवर त्यांनी ती कुणाला दाखवली नाहीत. होळीला अश्विनी नोकरी सोडून परत आली आणि जिन्याखाली दुसरं मशीन बसलं.

गुरुजींना कळलं ते माझ्या टेबलासमोर. त्यांचा मुलगा ओंकार लातूरच्याच क्लासला होता. त्याला वैद्यकीयला जागा लागली, खासगी कॉलेजात. गुरुजी भोकरहून जवळ म्हणून नांदेडच्या आमच्या शाखेत कर्जाला आले, पुन्हा पेढ्यांचा पुडा घेऊन. मला बघून खूश झाले. मी त्यांची पत तपासायला नाव संगणकात टाकलं. पडदा मी त्यांच्याकडे वळवला, कारण मला ते तोंडाने सांगवेना. जामीनदार म्हणून घेतलेलं कर्ज थकीत, म्हणून तेही थकबाकीदार, म्हणून नवीन कर्ज नाही. कॉलेजची फी भरायला थोडेच दिवस होते.

गुरुजींनी पडद्यावर बोट ठेवून आपलं नाव पुन्हा वाचलं. मग म्हणाले, “मी आजवर किराण्याचंसुद्धा उधार ठेवलेलं नाही, मॅडम.”

पेढे त्यांनी टेबलावरून उचलून परत पिशवीत घातले.

त्यांनी बाहेर व्हरांड्यातूनच बहिणीला फोन लावला. काय बोलणं झालं ते सुमनबाईंनी मला नंतर सांगितलं. भाऊ ओरडला नाही. जन्मभर सुमे म्हणणारा भाऊ त्या दिवशी फोनवर सुमनबाई म्हणाला, आणि तुम्ही थकबाकी कधी भरताय एवढंच विचारलं.

पुढच्याच आठवड्यात राखी पौर्णिमा होती. गुरुजी त्या दिवशी साहेबांना भेटायला आले होते, काही मार्ग निघतो का बघायला. मी त्यांच्यासोबत केबिनबाहेर बसले होते. काचेचं दार उघडलं आणि अश्विनी आत आली. तोच निळा कुर्ता, एका बाजूचा खिसा, कडेनं सैल केलेला. मागे सुमनबाई, हातात स्टीलचं झाकलेलं ताट. गुरुजी इथे असल्याचं त्यांना भोकरला फोन केल्यावर कळलं होतं. अश्विनी थेट माझ्यापाशी आली.

“मॅडम, हप्ता कुठं भरू?”

या वेळी विमानाचं काही बोलली नाही. तिच्या पगाराचा शेवटचा हिशोब आणि आईची उचललेली भिशी, दोन्ही मिळून थकलेले सगळे पैसे तिने आणले होते. कॅशियरने ते मोजून घेतले. मी गुरुजींना सांगितलं की थकबाकी पूर्ण निघाली. आणि पुढचं सांगावं लागलं ते असं की संगणकात तुमचं नाव साफ व्हायला महिना-दीड महिना जाईल. कॉलेज तेवढं थांबणार नव्हतं.

सुमनबाईंनी ताटावरचं झाकण काढलं. कुंकू, तांदूळ, राखी. तिथेच, गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर, त्यांनी भावाला कुंकू लावलं. गुरुजींनी हात पुढे केला, मागे घेतला नाही. राखीची गाठ बसली. सुमनबाईंचं निरांजन बँकेत पेटवता येत नव्हतं, त्यांनी ते तसंच फिरवलं.

गुरुजींनी मनगटाकडे पाहिलं. शर्टाच्या खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि विचारलं, “सही कुठं करू?”

कॅशियर हसला. त्याला वाटलं विनोद आहे. सुमनबाईंच्या हातातलं ताट कलंडलं आणि तांदूळ फरशीवर सांडले. त्या वाकून एकेक दाणा वेचायला लागल्या, वर बघायचं नव्हतं म्हणून. मी इतकी सासू, जगाला ऐकवणारी, खाली बसून त्यांच्याबरोबर तांदूळ वेचायला लागले.

अश्विनीने मामांच्या हातातलं पेन घेतलं, टोपण लावलं आणि परत त्यांच्या खिशात खोचलं.

“मामा, सही नको. ओंकारचं माप द्या.”

“कशाचं?”

“ॲप्रनचं. डॉक्टर व्हायचंय ना त्याला? लातुरातून दरसाल जेवढी पोरं डॉक्टरकीला जातात, त्यांचे ॲप्रन आता मीच शिवायलेय.”

“आधी ॲडमिशन तर होऊ दे,” गुरुजी म्हणाले. आवाज कोरडाच होता. पण छातीचं माप त्यांनी सांगितलं. बापाला पाठ होतं.

ॲडमिशन झाली. मामींचं गंठण पतसंस्थेत गेलं, आमच्या दुप्पट व्याजाला. गुरुजींनी त्यानंतर कुणाला सही दिली नाही. शाळेच्या सहलीच्या परवानगीचा कागदसुद्धा सहीआधी मुख्याध्यापकांना दोनदा वाचून दाखवायला लावतात असं मी ऐकलं. राखीला सुमनबाई अजून जातात. ओवाळणीत नोट असते, करकरीत, आणि त्या ती मुकाट्यानं घेतात.

ओंकारचा ॲप्रन मी पाहिला आहे. त्याने पहिल्यांदा घातला तेव्हा गुरुजी त्याला माझ्या पाया पडायला शाखेत घेऊन आले होते. बाजारात मिळतो तो ॲप्रन खांद्यावर पोत्यासारखा लोंबतो. हा अंगासरसा बसला होता. हात वर केला तरी खालची कड हलत नव्हती. खांद्याची शिवण मी बोट फिरवून पाहिली. शिकलेल्या हाताची शिवण लगेच कळते. तिच्या शिक्षणाचे हप्ते तेव्हा अजून सहा वर्षं राहिले होते.